स्पीकरचा अ‍ॅव्हरेज आधी विचारा, अ‍ॅम्प्लिफायरचे वॉट नंतर

नागपुरात बर्डीवर कुठल्याही दुकानात अ‍ॅम्प्लिफायर मागितला की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो, "किती वॉटचा दाखवू?" एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझे मामा त्याच प्रश्नापुढे उभे होतो. मामांचं घर महालात. त्यांच्या मुलीनं त्यांना बुकशेल्फ (टेबलावर किंवा कपाटात मावणाऱ्या लहान) स्पीकरची जोडी पाठवली होती आणि मोबाइलची वायर खोचली की गाणं सुरू होईल, अशी त्यांची समजूत होती. पण ज्या स्पीकरच्या पाठीवर फक्त एक लाल आणि एक काळं टर्मिनल असतं, त्याच्या आत स्वतःची शक्ती नसते. मोबाइलच्या वायरीतून जेमतेम एक व्होल्ट बाहेर येतो आणि करंट तर नगण्यच. तो अशक्त सिग्नल घेऊन त्याची हुबेहूब पण दणकट नक्कल करायची आणि ती स्पीकरला द्यायची, एवढंच अ‍ॅम्प्लिफायरचं काम.

दुकानदाराचा प्रश्न चुकीचा नाही, फक्त तो तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न स्पीकरला विचारायचा आणि दुसरा आपल्या खोलीला.

मामांना मी खोक्यावरचा तक्ता वाचून दाखवला: ८६ डेसिबल, ८ ओहम, १५ ते १०० वॉट. मामांनी शेवटचा आकडा धरला. "शंभर वॉटचे स्पीकर आहेत, मग अ‍ॅम्पही शंभरचाच लागंल ना?" बहुतेक लोक इथेच चुकतात. तो शंभर म्हणजे स्पीकर देतो ती शक्ती नाही, तर त्याला झेपणारी वरची मर्यादा आहे. पोत्यावर ५० किलो लिहिलेलं असलं म्हणून ते तेवढं भरलंच पाहिजे असं नसतं, तसंच हे. कामाचा आकडा आहे तो ८६ डेसिबल.

तो आकडा म्हणजे स्पीकरची सेन्सिटिव्हिटी. मी मामांना सांगितलं, हा स्पीकरचा अ‍ॅव्हरेज समजा. गाडी लिटरमागे किती किलोमीटर जाते ते आपण विचारतो ना, तसं हा स्पीकर वॉटमागे किती आवाज काढतो ते हा आकडा सांगतो. स्पीकरला एक वॉट दिला आणि एक मीटरवर बसून मोजलं तर ८६ डेसिबल. बाजारातले बहुतेक बुकशेल्फ स्पीकर ८४ ते ८९ च्या मध्ये असतात. बीबीसीसाठी १९७० च्या दशकात बनलेला प्रसिद्ध एलएस ३/५ए तर ८२-८३ च्या आसपासच होता. फरक पाच-सहा डेसिबलचाच दिसतो, पण डेसिबलचं गणित साध्या बेरजेसारखं चालत नाही. तीन डेसिबल वाढवायचे तर वॉट दुप्पट लागतात, सहा वाढवायचे तर चौपट आणि दहा वाढवायचे तर दहापट. म्हणजे ८९ चा स्पीकर २५ वॉटवर जेवढा आवाज काढेल, तेवढ्यासाठी ८३ च्या स्पीकरला १०० वॉट द्यावे लागतात. मांडवातला जुना भोंगा बारक्याशा अ‍ॅम्पवर अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा, त्याचं कारणही हेच आहे. भोंग्याची सेन्सिटिव्हिटी १०५ च्या घरात असते, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये मामांच्या स्पीकरच्या जवळजवळ ८० पट काम. त्याचा आवाज कानाला गोड लागत नाही, पण वॉट आणि आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे भोंग्याइतकं स्पष्ट कोणी दाखवत नाही.

आता खोली. मामांचा हॉल बारा बाय पंधराचा, खाली टाइल्स, वर स्लॅब. खुर्ची स्पीकरपासून नऊ फुटांवर. अंतर वाढलं की आवाज पडतो, पण स्पीकर दोन आहेत आणि भिंतीही थोडा आवाज परत देतात. सगळं धरून एकेका स्पीकरला एक वॉट दिला तर खुर्चीपाशी साधारण ८१ डेसिबल पोचतात. मामा ऐकतात तो आवाज मी मोबाइलच्या अ‍ॅपवर मोजला, सरासरी ७५ भरला. ८१ हून सहा कमी, म्हणजे एक चतुर्थांश वॉट. मामांचा विश्वासच बसेना. पण खरंच, घरात आपण गाणं ऐकतो तेव्हा बराच वेळ स्पीकर एका वॉटच्या आतच चालत असतो.

मग पाव वॉटचा अ‍ॅम्प का चालत नाही? कारण गाणं सरासरीत बसत नाही. तंबोरा संथ चालू असतो आणि मध्येच तबल्याची थाप पडते. ती थाप सरासरीपेक्षा पंधरा-वीस डेसिबल वर उडी मारते, एका क्षणासाठी का होईना. वीस डेसिबल म्हणजे शंभरपट. पाव वॉटचे शंभरपट म्हणजे २५ वॉट. तेवढ्या एका क्षणासाठी अ‍ॅम्पकडे २५ वॉट शिल्लक हवेत, एरवी त्यांना हात लागला नाही तरी चालेल.

इथपर्यंतचा हिशेब पुण्या-मुंबईतही हाच राहील. आपल्याकडे मात्र त्यात कूलर येतो. मार्च संपता संपता नागपुरात घराघरांत डेझर्ट कूलर लागतो आणि जून उजाडेपर्यंत बंद होत नाही. त्याच्या पंख्याचा नि पाण्याचा मिळून आवाज खोलीत सहज ६० डेसिबलच्या आसपास जातो. तंबोऱ्याची आस, आलापाच्या शेवटी विरत जाणारा स्वर, गायकाचा श्वास, हे सगळं त्याखाली बुडतं. मग हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. मामांनी कूलर चालू असताना स्वतःला बरा वाटेल तेवढा आवाज लावला तर अ‍ॅपवर ८१ आले. सहा डेसिबल जास्त म्हणजे शक्ती चौपट. २५ च्या जागी १०० वॉट. तेच स्पीकर, तीच खोली, तेच गाणं, फक्त कूलर चालू. त्यामुळे कोणी इंटरनेटवर "मला २० वॉट भरपूर होतात" असं लिहिलं असेल तर तो खरंच बोलत असेल, पण त्याच्या हॉलमध्ये मे महिन्यात काय चालू असतं तेही पाहायला हवं.

मामांसाठी मी ठरवलं ते असं: ८ ओहमवर प्रामाणिक ४० ते ६० वॉट. हिवाळ्यात भरपूर, आणि कूलरच्या दिवसांत थोडं हात राखून. ५० आणि १०० वॉटमध्ये कानाला जाणवणारा फरक तीनच डेसिबलचा आहे, व्हॉल्यूम किंचित फिरवल्याएवढा. त्यासाठी दुप्पट पैसे मोजायचं कारण नाही. ते पैसे कूलर थोडा लांबच्या खिडकीत बसवायला खर्च केले तर गाण्याचा फायदा जास्त होईल, असं माझं स्पष्ट मत आहे.

शक्ती कमी पडली की काय होतं

हे मला महागात पडून कळलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक चिमुकला अ‍ॅम्प घेतला होता. डबीवर ठळक अक्षरांत ३०० वॉट. सोबत १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर. मैत्रिणीच्या वाढदिवसाला गच्चीवर नॉब शेवटपर्यंत फिरवला. अर्ध्या तासानं डावीकडचा आवाज घोंगडीखालून यावा तसा झाला. दुसऱ्या दिवशी ट्विटर, म्हणजे स्पीकरमधला वरचे सूर वाजवणारा छोटा भाग, उघडून पाहिला, तर केसाएवढी बारीक तार एका जागी काळी पडून तुटलेली. मल्टिमीटर लावला, काटा हलला नाही.

तेव्हा वाटलं, ३०० वॉट स्पीकरला सोसले नाहीत. खरं कारण उलटं होतं. अ‍ॅम्प लहान होता. आवाजाची लाट वर जायची आणि अ‍ॅम्पचे व्होल्ट संपले की तिचा माथा सपाट कापला जायचा. याला क्लिपिंग म्हणतात. गोल डोंगराचं पठार झालं की त्या धारदार कडांमधून मुळात गाण्यात नसलेले वरच्या पट्टीचे सूर तयार होतात. शिवाय खालचे सूर कापले जात असताना वरचे मात्र वाढतच राहतात. हे सगळं जातं ट्विटरकडे, आणि ट्विटरची कॉइल सतत काही मोजके वॉटच सहन करू शकते. त्यामुळे शंभर वॉट झेपणाऱ्या स्पीकरचा ट्विटर दहा वॉटच्या अ‍ॅम्पनंही जळतो, जर तो अ‍ॅम्प तासभर रडवत ठेवला तर.

क्लिपिंग कानाला ओळखू येतं, आणि ते ओळखायला शिकणं फार उपयोगाचं आहे. मी त्यासाठी डॉ. वसंतराव देशपांड्यांचं कुठलंही जुनं रेकॉर्डिंग लावते. त्यांचं बालपण नागपुरातलं, सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला त्यांचंच नाव आहे, आणि त्यांची तान ही अ‍ॅम्प्लिफायरची कठोर परीक्षा आहे. आवाज बेताचा असताना त्या तानेतला एकेक दाणा वेगळा ऐकू येतो. व्हॉल्यूम वाढवत जा. एका जागी दाणे एकमेकांना चिकटायला लागतात, सुराला खरखरीत कड येते, तबल्याची थाप टणक न राहता चपटी होते. आवाज वाढतो आहे पण गाणं जवळ येत नाही, असं झालं की समजायचं, अ‍ॅम्प संपला. नॉब तिथून मागे घ्या.

ओहमचं काय

ओहम म्हणजे अडथळा. घरातल्या टुल्लू पंपाची गोष्ट घ्या. पंपाचा दाब तोच ठेवून बारीक नळी लावली तर पाणी कमी ओढलं जातं, जाड नळी लावली तर जास्त. आठ ओहमचा स्पीकर म्हणजे बारीक नळी, चार ओहमचा म्हणजे जाड. चार ओहमवर अ‍ॅम्पला दुप्पट करंट पुरवावा लागतो. ताकदवान अ‍ॅम्प तो देतो आणि वॉट वाढतात. कमजोर अ‍ॅम्प गरम होतो, नाहीतर स्वतःला बंद करून घेतो.

यात एक गोम आहे. स्पीकरवर लिहिलेला आकडा हा सर्वसाधारण असतो, प्रत्यक्षात ओहम सुरागणिक बदलतात. केईएफच्या एलएस ५० वर ८ ओहम लिहिलेलं असतं, पण त्याच कंपनीच्या तक्त्यात किमान ३.२ ओहम दिलेले आहेत. सेन्सिटिव्हिटीही ८५ च. दिसायला लहान, पण अ‍ॅम्पकडून भरपूर मागणारा हा स्पीकर आहे. म्हणून तक्त्यात ‘मिनिमम’ असं काही लिहिलंय का ते शोधा, आणि तो आकडा चारच्या खाली असेल तर ज्या अ‍ॅम्पवर चार ओहमची शक्ती स्पष्ट छापलेली आहे तोच घ्या. चार ओहमच्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी वाचतानाही सांभाळा: ती बऱ्याचदा २.८३ व्होल्टवर मोजलेली असते, आणि तेवढे व्होल्ट चार ओहमवर एक नाही, दोन वॉट होतात. तिथे छापलेल्या आकड्यातून तीन वजा करा.

डबीवरचे वॉट आणि अ‍ॅडॅप्टरचे वॉट

आपल्या बजेटमध्ये, म्हणजे पाच ते बारा हजारांत, आज जे मिळतं ते बहुतेक क्लास डी जातीचं असतं. तळहाताएवढी धातूची डबी, बाहेर लॅपटॉपसारखा अ‍ॅडॅप्टर. आत बहुधा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असते, टीपीए ३११६ किंवा मोठी टीपीए ३२५५. या चिप खरोखर चांगल्या आहेत. दहा वर्षांपूर्वी या किमतीत असा आवाज मिळत नव्हता. अडचण चिपची नाही, डबीवर छापलेल्या आकड्याची आहे. टीपीए ३२५५ चा ३०० वॉटचा दावा चार ओहमवरचा असतो, पन्नासहून अधिक व्होल्ट दिल्यावरचा असतो, आणि त्या वेळी आवाजात दहा टक्के विकृती धरलेली असते. दहा टक्के म्हणजे वर सांगितलेली ती चिकटलेली तान. आणि खोक्यात अ‍ॅडॅप्टर येतो ३२ व्होल्टचा. आमच्या लहानपणी टेपरेकॉर्डरवर हजार हजार वॉट पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचा फुगवलेला आकडा, लिहिलेलं असायचं, त्याचंच हे पुढचं रूप.

म्हणून डबी बाजूला ठेवा आणि अ‍ॅडॅप्टर उलटा करून वाचा. या लहान अ‍ॅम्पमध्ये स्पीकरच्या दोन्ही टोकांना चिप जोडलेली असते, त्यामुळे लाट जास्तीत जास्त अ‍ॅडॅप्टरच्या व्होल्टएवढीच उंच जाऊ शकते. मग हिशेब अगदी सोपा होतो: अ‍ॅडॅप्टरच्या व्होल्टचा वर्ग करा आणि ८ ओहमच्या स्पीकरसाठी १६ नं भागा, ४ ओहमसाठी ८ नं. १२ व्होल्टचे १४४, भागिले १६, आले ९ वॉट. माझ्या त्या ३०० वॉटच्या डबीत प्रत्यक्षात एवढेच होते. १९ व्होल्टवर २२, २४ व्होल्टवर ३६, ३२ व्होल्टवर ६४. ही कागदावरची कमाल मर्यादा झाली, हातात येतं ते थोडं कमीच. दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर हा भागाकार करता येतो आणि कुणाला काही विचारावं लागत नाही.

मग त्याच अ‍ॅडॅप्टरवरचे अँपिअर पाहा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे दोन्ही स्पीकर मिळून भिंतीतून मिळणारी एकूण शक्ती. २४ व्होल्ट २ अँपिअर म्हणजे ४८ वॉट, त्यातले दहाएक टक्के चिप खाणार, उरलेले दोघांत वाटले जाणार. क्षणभराच्या थापेला आतले वीज साठवणारे कपॅसिटर मदत करतात, पण सलग मोठ्या आवाजाला नाही. मी २४ व्होल्टला किमान ४ अँपिअर आणि ३२ ला ५ अँपिअर पाहते. अ‍ॅडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर-’ नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. उन्हाळ्यात सगळ्या गल्लीचे कूलर एकदम लागल्यावर आपल्याकडे व्होल्टेज कसं नाचतं हे ठाऊक असलेल्या माणसानं या एका गोष्टीत पैसे वाचवू नयेत.

क्लास डीची दुसरी बाजूही सांगते. यातली चिप आवाजाचे फार वेगानं चालू-बंद होणारे तुकडे करते आणि शेवटी कॉइल-कपॅसिटरचा एक फिल्टर ते तुकडे पुन्हा गुळगुळीत करतो. स्वस्त डिझाइनमध्ये हा फिल्टर स्पीकरच्या ओहमप्रमाणे थोडा वेगळा वागतो, त्यामुळे एकाच अ‍ॅम्पवर एका स्पीकरचा वरचा सूर किंचित तीक्ष्ण आणि दुसऱ्याचा किंचित दबलेला येऊ शकतो. हल्लीच्या काही मॉडेलमध्ये फिल्टरच्या पुढून सिग्नल परत घेऊन ही चूक सुधारतात. तक्त्यात ‘पोस्ट फिल्टर फीडबॅक’ किंवा पीएफएफबी असं लिहिलेलं असेल तर हजार-दीड हजार जास्त गेले तरी मी तोच घेईन. फायदाही मोठा आहे: क्लास डी नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज कामी लावतो, त्यामुळे तो फारसा तापत नाही. मे महिन्यात जिथे खोलीच चाळिशीला टेकलेली असते, तिथे हे लहान सुख नाही.

जुन्या पद्धतीचा, वजनदार ट्रान्सफॉर्मरवाला क्लास एबी अ‍ॅम्प आजही देखणा वाजतो, पण नामांकित कंपन्यांचे साधारण तीस हजारांपासून पुढे सुरू होतात. केंब्रिज ऑडिओचा एएक्सए ३५ आठ ओहमवर ३५ वॉटचा, डेनॉनचा पीएमए ६००एनई ४५ चा. आकडे डबीवाल्यांपेक्षा कितीतरी लहान दिसतात ना? कारण ते खरे असतात. १९७८ साली आलेला एनएडीचा ३०२० फक्त २० वॉटचा होता आणि त्या २० वॉटच्या जोरावर तो जगभर नावाजला गेला. घरात रेकॉर्ड प्लेयर असेल तर या मोठ्या अ‍ॅम्पमध्ये त्याची फोनो सोयही आतच मिळते, लहान डबीत बहुधा मिळत नाही. फक्त काचेच्या शोकेसमध्ये कोंडू नका. वर चार-सहा इंच मोकळी जागा लागतेच.

बर्डीवरच्या मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये फिरताना मामांना हातानं बनवलेले अ‍ॅम्पही दिसले. या कारागिरांच्या हातात कसब आहे, आणि बिघाड झाला तर ते समोर बसून दुरुस्त करतात, ही सोय कुठल्याही ऑनलाइन कंपनीत नाही. पण तिथेही वॉट न विचारता ट्रान्सफॉर्मर विचारा. १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर असेल तर आठ ओहमवर बारा वॉटच्या आसपासच मिळणार, पुढे काहीही लिहिलेलं असो. आणि बेस वाढवणारी पट्टी आत आधीच बसवलेली असेल तर ती काढून द्यायला सांगा. पाच इंची वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा भाग, पन्नास-साठ हर्ट्झच्या खाली जात नाही. त्याला ढकलून बेस येत नाही, त्याची कोन, म्हणजे पुढे-मागे हलणारा पडदा, तेवढी फडफडते.

मांडवाचा किंवा शाळेचा जुना अ‍ॅम्प घरी पडून असेल तर त्याच्या मागची टर्मिनल नीट वाचा. त्यावर ७० आणि १०० व्होल्टची लाइन असते, लांबवर लावलेल्या भोंग्यांसाठी. घरचे स्पीकर त्या टोकांना चुकूनही लावायचे नाहीत. आणि जपान-अमेरिकेतून आलेला जुना अ‍ॅम्प स्वस्तात मिळत असेल तर तो १००-१२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर थेट लावला की गेला.

दुकानात मामांनी स्वतःचे स्पीकर नेले होते, दोन कापडी पिशव्यांत, ऑटोत मांडीवर ठेवून. हा त्रास घ्याच. आधी गाणं न लावता नॉब अर्ध्यावर नेला आणि कान ट्विटरजवळ धरला. पहिल्या अ‍ॅम्पमध्ये कढईत फोडणी द्यावी तशी चुरचुर, दुसरा जवळपास शांत. मग गाणं लावून आवाज अगदी हळू, रात्री घरचे झोपल्यावर ऐकतो तेवढा. स्वस्त अ‍ॅम्पच्या व्हॉल्यूमच्या आत दोन पट्ट्या असतात, डाव्या-उजव्या स्पीकरच्या, आणि सुरुवातीच्या टप्प्यात त्या एकसारख्या चालत नाहीत. एकाचा गायक चक्क डावीकडे सरकलेला होता, नॉब वर नेला की मध्ये यायचा. मामा रात्रीच ऐकतात, म्हणून तो बाद. आणि दोन अ‍ॅम्पची तुलना करताना दोघांचा आवाज अ‍ॅपवर सारखा करून घेतला, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला सरस वाटतो. दुकानदारानं हे सगळं शांतपणे करू दिलं. शेवटी म्हणाला, "ताई, एवढं पाहून कोणी घेत नाही, पण बराबर पाहून राहिल्या तुम्ही."

३२ व्होल्ट ५ अँपिअरवाला अ‍ॅम्प अकरा हजारांच्या आत मिळाला. वायर मात्र साधीच घेतली, दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची जोडवायर. तीन मीटरला तिचा अडथळा येऊन-जाऊन ०.०७ ओहमच्या आसपास होतो, आठ ओहमपुढे तो काहीच नाही. सोनेरी टोकांच्या महागड्या वायरीचा विषय मी तिथेच संपवला.

घरी आल्यावर वायरी मामांनी स्वतः जोडल्या. अ‍ॅम्प बंद, नॉब शून्यावर, तांब्याचा एकही केस शेजारच्या टर्मिनलला लागणार नाही याची काळजी घेत. दहा मिनिटं कूलर बंद केला आणि वसंतराव लावले. आवाज स्वच्छ होता, पण गाणारा नेमका कुठे बसलाय ते कळेना. तबल्याचा डग्गाही पोकळ. मामा अस्वस्थ झाले, अ‍ॅम्प परत करायची भाषा करू लागले. मी उजव्या स्पीकरच्या मागे वाकून पाहिलं. तिथे लाल टर्मिनलला काळी वायर होती. एक कोन पुढे येत होती तेव्हा दुसरी मागे जात होती आणि दोघी मिळून खालचे सूर पुसून टाकत होत्या.

अ‍ॅम्प बंद करून दोन टोकं बदलली. डग्गा भरून आला, तंबोरा दोन्ही बाजूंना पसरला आणि गाणारा टीव्हीच्या बरोबर वर, मधोमध येऊन बसला. दिवाळीच्या साफसफाईत वायरी पुन्हा निघणारच, म्हणून मामांनी चारही लाल टोकांना मामीच्या नेलपॉलिशचा एकेक ठिपका लावून ठेवला.